तळ दिसणारं पाणी

ती ओढ्यावर पोचली तेव्हा पंपवाला काठावर हाताची घडी घालून उभा होता.

"या बाटलीबाई. दहाची वेळ होती, साडेदहा झाले. आम्ही उशीर केला की तुमच्या कागदावर लाल रेघ."

"रस्त्यावर तुमचेच ट्रक आडवे होते," ती म्हणाली आणि गाडीतून पेटी उतरवू लागली. तो मदतीला हलला नाही.

पंपवाला तिचा सख्खा थोरला भाऊ. कोळशाच्या उघड्या खाणीत साचणारं पाणी उपसायचं, तळ्यात निवळू द्यायचं आणि मग नळातून ओढ्यात सोडायचं, हे त्याचं काम. महिन्यातून एकदा त्या नळाच्या तोंडाशी बाटल्या भरून सरकारी प्रयोगशाळेत न्यायच्या, हे तिचं. बाटलीबाई हे नाव त्यानेच पाडलं होतं आणि आता ते सगळ्या खाणीत चालत होतं. कामावर ती त्याला 'तुम्ही' म्हणे. ते त्याला शिवीसारखं लागे.

मागचे दोन नमुने नापास झाले होते. दोन्ही वेळा पाणी आंबट निघालं. खाणीच्या दगडातला गंधक उतरला की ते तसं होतं. पीएचचा आकडा साडेपाच ते नऊच्या मध्ये हवा, आणि तो पाचच्याही खाली गेला होता. सलग तिसरा नमुना नापास झाला की नळाला टाळं लागणार होतं. खाणीच्या साहेबाने चार माणसांदेखत सांगितलं होतं, नळ बंद तर पंपवालाही घरी. त्या दिवसापासून वहिनीने तिचा फोन उचलला नव्हता. आई भावाकडे राहायची, त्यामुळे आईशीही बोलणं तुटलं होतं.

"बघ," तो म्हणाला. "तळ दिसतोय. खडे मोज हवं तर."

पाणी खरोखरच नितळ होतं. मागच्या महिन्यात तेच गंजाच्या रंगाचं होतं. फक्त काठच्या खड्यांवर, पाणी टेकतं तिथे, पांढरी कड धरली होती. तिने ती पाहिली आणि हातमोजे चढवले.

"काय केलंत एवढं?"

"काम केलं. तुम्ही लोक उंटावरून शेळ्या हाका."

तिने बाटल्यांचे दोन संच भरले. एक प्रयोगशाळेचा, एक खाणीने ठेवायचा. दोन्हींवर सील लावलं आणि फॉर्म त्याच्यापुढे धरला. आधी सही, मग मीटर, ही तिची पद्धत. क्रमाबद्दल नियम काहीच म्हणत नव्हता. आकडा दिसला की माणसाचा हात आखडतो, हे तिला नोकरीच्या पहिल्याच वर्षी कळलं होतं.

"वरचं वाचा आणि सही करा."

"वाचत बसायला मला सरकारी पगार नाही." त्याने झोकात सही केली आणि खाली दोन रेघा ओढल्या.

तिने मीटरची कांडी पाण्यात धरली. आकडा सरकत गेला आणि थांबला.

"किती?"

"नऊ पूर्णांक आठ."

"म्हणजे आंबट नाही."

"आंबट नाही. पण नऊच्या वर नापासच."

तो एकदम जवळ आला. "मशीन बिघडलंय तुझं."

तिने कांडी धुतली आणि मीटर तपासायच्या सातच्या द्रावणात बुडवली. सात. पुन्हा ओढ्यात. नऊ पूर्णांक आठ.

"आंबटपणा मारायला तळ्यात चुना किती पोती टाकलात?"

"तीन टाकतात. तू येणार म्हणून सहा टाकली," तो म्हणाला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, हे त्यालाही कळलं असावं. मग तो खड्यांकडे बघू लागला.

"तुला दिसलं होतं. सही घ्यायच्या आधीच दिसलं होतं."

"हो."

"तासभर थांब. तळ्यात साधं पाणी सोडतो. मग भर."

"नमुना झाला. सही झाली."

"लहानपणापासून चुगलखोर. आई म्हणते ते खोटं नाही."

"काय म्हणते आई?"

"विचार की तिला. मी फोन देईन तेव्हा."

ती वाकून प्रयोगशाळेच्या बाटल्या बर्फाच्या पेटीत ठेवू लागली. तेवढ्यात त्याने दगडावरचा दुसरा संच उचलला, सीलं फाडली आणि त्यातल्या दोन्ही बाटल्या ओढ्यात उपड्या केल्या.

"घे तुझं नापास पाणी."

तिने त्याला थांबवलं नाही. पाणी संपेपर्यंत ती बघत राहिली.

"तो संच तुमचा होता," ती म्हणाली. "निकाल मान्य नसेल तर त्यावर दुसरीकडे फेरतपासणी मागता येते. सील शाबूत असेल तर. चुन्याच्या पाण्याचा आकडा बाटलीत राहून कधी कधी उतरतोही. नऊच्या खाली आला असता कदाचित."

"आधी सांगायचं होतंस."

"सहीच्या वर छापलंय."

तिने फॉर्मवर लिहिलं: दुसरा संच कंपनीच्या प्रतिनिधीने ओतून टाकला, अकरा वाजून पाच मिनिटं. मग पेन पुढे केलं.

"इथेही सही लागते, दादा."

त्याने पेन घेतलं नाही. तो पाण्यापाशी उकिडवा बसला, एक रिकामी बाटली त्याने नळाखाली धरली, काठोकाठ भरली, झाकण आवळलं. फाटलेलं सील अंगठ्याने दाबून दाबून चिकटवलं. ते एका कडेने उचकटत होतं. त्याने ते पुन्हा दाबलं आणि बाटली तिच्यापुढे धरली.

तिने सहीच्या जागी 'नाकारली' असं लिहिलं, पेटी उचलली आणि गाडीकडे निघाली.