अग्निनक्षत्रातली पिनो न्वार

मी बर्गंडीची पिनो न्वार, बाटलीतली लाल वाइन, बोलतेय. माझं बूच अर्धं वर आलंय, त्यामुळे आवाज जरा चिरका वाटेल.

फ्रान्समधल्या एका चुनखडीच्या उतारावर माझी वेल आहे. आमची द्राक्षं पातळ सालीची, भारी नाजूक. माझी द्राक्षं धरली त्या वर्षी एप्रिलात वेलींच्या कोवळ्या डोळ्यांवर हिव पडलं. ते वाचवायला ओळींमधून शेगड्या पेटवत एक मुलगी पहाटेपर्यंत धावत होती. नाक लाल, बोटं सुजलेली. ती श्रीनिधी, तिथं वाइन करायला शिकणारी, चेन्नईच्या अड्यारची, तंजावरी मराठी घरातली. सप्टेंबरात तिनेच मला खुडलं, आंबवलं, ओकच्या पिंपात निजवलं. पुढे थंडगार तळघरात मी सुखात होते.

या मे महिन्यात तिने मला स्वेटरमध्ये गुंडाळून घरी आणलं.

"अप्पा, ही मी केलीय. माझ्या हातची."

तिचे वडील वादिराज, निवृत्त शिक्षक. "घरात देवघर आहे," एवढंच म्हणाले. ती आंघोळीला गेली, तसे मला पंच्यात धरून बाल्कनीतल्या पत्र्याच्या कपाटात ठेवून आले.

अग्निनक्षत्राचे दिवस, चेन्नईतला सगळ्यात कडक उन्हाळा. दुपारी पत्रा तापला की मी आत तडफडायचे, फुगायचे, बुचाला धडका द्यायचे. समुद्राचा वारा सुटला की जरा निवायचे. सकाळी पुन्हा तेच. थेंब थेंब लेबलावर ओघळले. आता कुणी येईल, मग येईल, म्हणून कान लावून बसायचे. पाहुणे आले की वादिराज सांगायचे, "पोरगी तिकडे शेतीचं शिकते."

परत निघायच्या आदल्या दिवशी तिने आईला विचारलं, "अम्मा, माझी बाटली कुठंय?" कनकाने नुसतं बाल्कनीकडे पाहिलं.

कपाट उघडून श्रीनिधीने माझं बूच पाहिलं आणि फरशीवरच बसली. मग बूच काढून स्टीलच्या टंबलरमध्ये मला थोडं ओतून एक घोट घेतला. तिचं तोंडच उतरलं.

"काय झालं गं?" दारातून वादिराज.

"खराब झाली, अप्पा. उन्हानं शिजली. ओतून टाकते."

"मी तिथं ठेवली म्हणून?"

ती मला घेऊन उठायला लागली.

"थांब." ते तिच्याशेजारी फरशीवर बसले. टंबलर घेऊन नाकाशी नेला. पिणार नव्हतेच. "नीट असती तर कसा वास आला असता?"

तिच्या कामाबद्दल त्यांनी विचारलेला हा पहिला प्रश्न. श्रीनिधी सांगू लागली. चेरीचा वास, ओल्या पाचोळ्याचा. मग हिवाचं, शेगड्यांचं.

"बोटं सुजली होती? कधी सांगट्ली नाहीस!" त्यांच्या तोंडून घरची तंजावरी बोली निसटली.

"तुम्ही विचारलंत कुठं?"

वादिराजांनी टंबलर अलगद फरशीवर ठेवला. "पुढल्या खेपेस मार्गळी महिन्यात ये. डिसेंबरात इतकं तापत नाही. तुझ्या खोलीत एसी बसवून घेतो. बाटलीला."

"आणि देवघर?" कनका हसली.

"देवघराला दार आहे की."

मी आता ओट्यावर आहे, बूच अर्धवट खोचलेली, बिघडलेली. मोरी दोन हातांवर आहे, मला कळतं. पण कनकाबाई, ओतायची घाई करू नका. बाहेर वादिराज अजून काहीबाही विचारताहेत, आणि श्रीनिधी काय सांगते ते मला ऐकायचंय.