लालात लाल

नडियादच्या नटुभाई हिंगवाल्यांचा माल परत आला. हिंगात भेसळ निघाली म्हणून नव्हे, वजनात खोट होती म्हणूनही नव्हे. पुडीवरचा बारकोड मशीनला वाचता येईना म्हणून! बडोद्याच्या मॉलवाल्यांनी अख्खा टेम्पो दारातूनच माघारी धाडला. नवे कडक नियम आले होते. कुठली पुडी कुठल्या दिवशी भरली, हे कोडवरून कळलंच पाहिजे. पुन्हा असं झालं तर ऑर्डर बंद. आणि ऑर्डर बंद म्हणजे पुड्या भरणाऱ्या बायका घरी. हे कळायला काही ज्योतिषी लागत नव्हता.

छोट्या कारखान्यांना या नियमांत बसवून देणारी ध्रुवी म्हणून एक मुलगी होती. ती आली, पुडीवर कोड वाचायचं यंत्र धरलं आणि हसायलाच लागली.

"काका, कोड लाल छापलाय तुम्ही! मशीनचा उजेडच लाल. लाल उजेडात लाल रेघ त्याला दिसतच नाही, सगळं कोरं वाटतं."

"मग?"

"रोजची तारीख घालायची म्हणजे कोड इथेच छापायचा. त्याचं यंत्र मिळतं, पण त्यात शाईची काळीच पट्टी बसते. काळा छापा, सुटलात."

"काळा नाही चालणार, दिकरी."

"का?"

नटुभाईंनी नुसतं छताकडे पाहिलं. वरच्या मजल्यावर त्यांची बायको, विलासबेन, अंथरुणाला खिळल्या होत्या. डॉक्टरांनी हात टेकले होते. आणि लाल रंग विलासबेनचा होता. पहिली पुडी छापली तेव्हा त्या स्वतः छापखान्यात जाऊन भांडल्या होत्या. "लग्नाची कंकोतरी कुणी काळ्या शाईत छापतं का? लोकांच्या घरी रोजच्या फोडणीत पडणार आपला हिंग. त्यावर काळं नको. कुंकवाचा लाल घाल!" छापखानेवाला म्हणाला, कोड सगळीकडे काळाच असतो. "असेल. माझ्याकडे नाही." गल्लीतल्या दुकानांत मशीन नव्हतं, तोवर त्यांचं खपून गेलं.

शेवटी यंत्र आलं. काळे कोड धडाधड छापले गेले, मॉलच्या मशीनने पहिल्या झटक्यात वाचले. ध्रुवीने पेढे वाटले. नटुभाईंनी आपला पेढा खिशात ठेवला. वर जाऊन त्यांनी बायकोच्या उशाशी जुनी, लाल कोडाची पुडी मांडली आणि घरात सगळ्यांना तंबी दिली, हिला कळता कामा नये. जाता जीव आहे, एवढ्यासाठी दुखवायचा कशाला? माणूस वाईट नव्हता हो. बायकोला विचारायचं मात्र आयुष्यात कधी सुचलं नव्हतं.

पण स्वयंपाकघरातला हिंग संपला आणि घरचा स्वयंपाक करणाऱ्या शारदाबेनने कारखान्यातून नवी पुडी आणली. कढी घेऊन वर गेली तेव्हा पुडी हातातच होती.

संध्याकाळी नटुभाई वर गेले, तर पुडी विलासबेनच्या छातीवर.

"काळा केलात?"

नटुभाई दारातच थबकले.

"बोला की. मी काय तुम्हाला खाणार आहे? दात तरी राहिलेत का?"

"मशीनला वाचता येईना, विलास. त्याचा उजेडच लाल. लालात लाल त्याला दिसत नाही."

विलासबेननी पुडी उलटीसुलटी करून पाहिली. मग हसल्या.

"तुमच्यासारखंच की मग. आयुष्यभर लाल साड्या नेसून या घरात फिरले. कधी दिसले का मी तुम्हाला?"

"असं काय बोलतेस?"

"चेष्टा केली हो. बायकांचं काम टिकलं ना? बरं केलंत." आणि त्यांनी कुशीवर होऊन डोळे मिटले.

नटुभाईंना ती चेष्टा वाटली नाही. उद्या हिच्याशी नीट बोलू, असं त्यांनी ठरवलं. पण दुसऱ्या दिवसापासून विलासबेनची शुद्ध हरपली, आणि त्याच आठवड्यात त्या गेल्या.

कारखान्यातल्या बायकांनी त्यांना अंघोळ घातली. शारदाबेन डोळे पुसत बाहेर आली. "काका, बेन मला सांगून ठेवून गेल्यात. जाताना तुम्ही पहिल्यांदा आणलेली लाल साडीच नेसवायची. ती कुठली, ते तुम्हाला ठाऊक असेल म्हणाल्या. तेवढी काढून द्या."

नटुभाईंनी कपाट उघडलं. आत वरपासून खालपर्यंत लाल साड्यांच्या घड्या. खाली कारखान्यातली कुठलीही पुडी उचलली असती, तर ती कुठल्या दिवशी भरली हे त्यांना सांगता आलं असतं. त्यांनी एक साडी काढली, परत ठेवली. दुसरी काढली, तीही ठेवली.

"काका, सगळे खोळंबलेत," शारदाबेन म्हणाली.

नटुभाई कपाटाचं दार धरून ढसाढसा रडायला लागले. "शारदा, तूच बघ," ते म्हणाले. "मला सगळ्या सारख्याच दिसतात."