दोन्ही कर्ण मोजा

मित्रांनो, मी एक जुना टेप आहे. गाण्यांचा नव्हे, मोजण्याचा. कारखान्यात माझ्या कापडी पट्टीवर आकडे छापले, मला गोल चामडी डबीत गुंडाळलं आणि बाजूला पितळी मूठ बसवली. एका आर्किटेक्ट बाईंनी पहिल्या कमाईतून मला विकत घेतलं. तेव्हापासून मी त्यांच्या पिशवीत आहे.

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकतो. तो जन्मजात नाही, लोकांनी केलाय. "खोली अगदी काटकोनात आहे हो!" असं घरमालक छातीठोकपणे सांगतात आणि मोजायला जावं तर भिंत आपली तिरकी! म्हणून बाईंची एक रीत होती. चारही बाजू मोजून झाल्या की या कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यापर्यंत मला ताणायचं, मग उरलेल्या दोन कोपऱ्यांत. दोन्ही कर्ण सारखे भरले तरच जागा काटकोनी. गवंडी म्हणायचे, "बाईंच्या टेपापुढे कुणाची थाप चालत नाही." ते ऐकून मी फुलून जायचो.

पुढे कामं आटली. बाईंच्या यजमानांनी एक वेबसाइट शोधून काढली. ज्याला घर बांधायचंय त्यानं तिथे प्लॉटची मापं टाकायची आणि आर्किटेक्टांनी आपापली फी सांगून बोली लावायची. ज्याची फी कमी, त्याचं नाव वर. मला तर ऐकूनच कसंतरी झालं. जागा न बघता घर? पाय न मोजता चपला शिवण्यातलाच प्रकार की!

एके दिवशी एका प्लॉटची मापं आली. समोरासमोरच्या बाजू अगदी सारख्या, पण कर्णांचा कुठे पत्ताच नाही. तरी बोल्यांची रांग लागली आणि जो तो सरळ आयताकृती घर काढून मोकळा! कुठेतरी पाणी मुरतंय, असं मला वाटलं. बाईंनाही वाटलं असावं, कारण त्यांनी पिशवी उचलली आणि थेट प्लॉट गाठला. गवतातून मला ताणलं. एक कर्ण मोठा, दुसरा लहान! प्लॉट चक्क तिरका होता. आयताकृती घर बांधलं असतं तर त्याचा मागचा कोपरा शेजाऱ्याच्या हद्दीत गेला असता.

यजमान म्हणाले, "अगं, आत्ताच बोलू नकोस. आधी काम हातात पडू दे. हेही गेलं तर ऑफिसला कुलूप लावावं लागेल."

"अहो, आणि त्यांनी दुसऱ्याला काम दिलं तर? बांधलेलं घर पाडायची वेळ येईल बिचाऱ्यांवर."

बाईंनी बोलीबरोबर सगळं लिहून टाकलं. तिथे एकाचं लिहिलेलं बाकीच्या सगळ्यांना दिसायचं. मी डबीत चरफडत राहिलो.

काम यादीत सगळ्यात वर असलेल्याला मिळालं. बाईंची बोली तळाशी होती, मालक तिथवर पोचलेच नसावेत. महिनाअखेरीस ऑफिसची खोली सोडावी लागली. भिंतीवरची नावाची पाटी बाईंनी स्वतःच्या हातानं काढली. मला फार वाईट वाटलं.

तरी बाईंच्या जिवाला चैन पडेना. घर उभं राहिल्यावर त्या बघायला गेल्या. बाजूची भिंत हद्दीला धरून नेमकी तिरकी घेतली होती. मालकीणबाई फाटकापाशी आल्या.

"काय बघताय?"

"भिंत छान घेतलीय."

"आमच्या आर्किटेक्टची कमाल हो! इथे एकदाही आला नाही, पण प्लॉट तिरका आहे हे बसल्या जागी ओळखलं त्यानं."

बसल्या जागी! अरे, बाईंचं लिहिलेलं वाचलं त्यानं, दुसरं काय! मला ओरडावंसं वाटलं. बाई मात्र नुसत्या हसल्या. "घर सुखाचं होवो," म्हणाल्या आणि वळल्या. रस्त्याला लागल्यावर त्यांनी पिशवीत हात घालून मला घट्ट धरलं.

मित्रांनो, मला पुसूनबिसून ठेवू नका, कपाटात मानाची जागाही नको. कुणाच्या हुशारीचं कौतुक कानावर आलं की एवढंच विचारत जा, "मोजायला कोण गेलं होतं?"