भिंतीवरची पाणचक्की

मित्रांनो, मी एक जुनं चित्र आहे. मूळ चित्र हॉलंडातल्या कुण्या चितार्‍यानं रंगवलं, मी त्याची छापील नक्कल. नागपूरच्या गोर्‍या साहेबाच्या हुकमानं मला मोर्शीजवळच्या तुमच्या शाळेत टांगलं. माझ्यात एक ओढा आहे, त्यावर दोन पाणचक्क्या, वर ढगांचं आभाळ. ओढा चाक फिरवतो, आत धान्य दळलं जातं. बस, एवढंच माझं सांगणं.

पण माझा अर्थ सांगायचे भगवंतराव मास्तर. चाकावर छडी टेकवून म्हणायचे, "हे चाक पाणी वर चढवतं. ना मोट, ना बैल. याले म्हणतात साहेबाची अक्कल!"

मास्तरांना भाजी द्यायला आलेला पुंजाराम माळी हे ऐकून माझ्यासमोर खिळून उभा राहिला. त्यानं नुकतीच संत्र्याची तीनशे कलमं लावली होती. दुसर्‍या दिवशी तो बायकोला, रुख्मिणीला, घेऊन आला. ती वाकून बराच वेळ पाहत राहिली.

"मास्तर, पानी तं चाकावरून खालीच पडून राह्यलं. अन् दारात हे पोते कायचे? मले तं हे दळन दिसते."

"पुंजाराम, तुह्या घरी चित्र कोन वाचते? तू का बायको?"

सारा वर्ग हसला. तुम्हीही हसलात.

"चूप बस वं!" पुंजाराम तिच्यावर खेकसला.

बैलजोडी विकून त्यानं सागवानी चाक करवलं, नाल्यात बसवलं. चाक झकास फिरलं. मळ्यात थेंब चढला नाही. चैतात नाला आटला आणि चाकही थांबलं. विहिरीला पाणी होतं, मोट होती, बैल तेवढे नव्हते. मग जुवाच्या एका बाजूला पुंजाराम लागला, दुसर्‍या बाजूला त्यानं रुख्मिणीला जुंपलं. शाळेच्या खिडकीतून मी बघत होते. तिसर्‍या दिवशी त्याचा पाय घसरला. भरलेली मोट मागं गेली आणि जू रुख्मिणीच्या मानेवर आदळलं. मान वाकडी झाली ती झालीच. कलमंही जळाली.

पुढं डिप्टी साहेब तपासणीला आले. मास्तरांनी तोच अर्थ ठणकावून सांगितला. साहेबांनी वहीत 'उत्तम' असा शेरा मारला. बाहेर वाकड्या मानेची रुख्मिणी टोपली घेऊन चालली होती. तुमच्यातलंच कुणी ओरडलं, "का वं मावशी, आज कोनतं चित्र वाचलं?"

मित्रांनो, दर शनिवारी तुम्ही माझी काच पुसता. नका पुसू. धुळीनं मला काही दुखत नाही. त्यापेक्षा त्या बाईला आत बोलवा, बसायला द्या, आणि मास्तरांच्या देखत तिला म्हणा, "मावशी, तुमचं खरं होतं."

आहे हिंमत?