डर्बीच्या रस्त्यावरची धाप

डॉ. चंद्रशेखर सबनीस नॉटिंगहॅमच्या एका हॉस्पिटलात छातीच्या विकारांचे कन्सल्टंट होते. पेशंट दारातून खुर्चीपर्यंत येईतो त्यांचं निदान झालेलं असे, आणि बहुतेक वेळा ते बरोबरही असे. त्यामुळे १९८६च्या फेब्रुवारीत त्यांची तेरा वर्षांची, लांब डिकीची एस्टेट गाडी वाटेत बंद पडू लागली, तेव्हा ती गॅरेजला न्यायचा विचारही त्यांच्या मनाला शिवला नाही.

बंद पडायची ती त्यांच्या बायकोच्या, सुप्रभाच्या हातात. ती डर्बीच्या लायब्ररीत नोकरी करायची. घरून निघाल्यावर वीस-पंचवीस मिनिटांनी गाडी आचके द्यायची आणि थांबायची. दहा मिनिटं कडेला उभी राहिली की काही झालंच नव्हतं अशी सुरू व्हायची. डॉक्टर शनिवारी तीच गाडी हॉस्पिटलला न्यायचे. तो रस्ता आठ मिनिटांचा. त्यांना तिनं कधी दगा दिला नाही.

"तू चोक बाहेरच ठेवत असशील," ते म्हणाले.

"नाही ठेवत."

"मग इंजिनला पेट्रोल पोचत नाहीये."

इथवर ते बरोबर होते. पुढे त्यांनी आधी फिल्टर बदलला. मग कार्बुरेटर सोडवून दोन रविवार डायनिंग टेबलावर पेपर पसरून साफ केला. सबनीस कुटुंब स्वयंपाकघरात उभ्याउभ्या जेवलं. शेवटी फ्युएल पंप नवा बसवला. दर वेळी ते कॉलनीभोवती एक चक्कर मारून यायचे आणि गाडी बरी झाल्याचं जाहीर करायचे. सोमवारी सुप्रभा पुन्हा त्याच रस्त्याच्या कडेला उभी.

"अहो, वाटेत पेट्रोल भरलं त्या दिवशी नाही बंद पडली," तिनं मार्चमध्ये सांगितलं. "दोनदा झालं असं."

"त्या पंपावरचं पेट्रोल चांगलं असेल," गाडीखालून उत्तर आलं.

"आणि टाकीचं झाकण उघडताना..."

"सुप्रभा, टॉर्च जरा डावीकडे धर."

तिनं टॉर्च डावीकडे धरला.

एप्रिलमध्ये एका सकाळी गाडी राउंडअबाउटच्या अलीकडे थांबली. सुप्रभा आत बसून राहिली नाही. ती उतरली, किल्ली लावून टाकीचं झाकण फिरवलं, आणि सुस्स करून हवा आत ओढली गेली, कितीतरी वेळ. झाकण लावून तिनं इंजिन चालू केलं. पहिल्या फटक्यात सुरू झालं. दुसऱ्या दिवशीही तसंच झालं. तिसऱ्या दिवशी तिनं झाकण सैल ठेवलं, वरून रुमाल बांधला आणि कुठेही न थांबता डर्बी गाठलं.

जेवणाच्या सुट्टीत तिनं लायब्ररीतलं मोटारदुरुस्तीचं पुस्तक काढलं. दोन ओळींत होतं सगळं: टाकीतून पेट्रोल जाईल तशी हवा आत यायला हवी, त्यासाठी झाकणाला बारीक भोक असतं. तिनं पुस्तक स्वतःच्या कार्डावर घेतलं.

संध्याकाळी तिनं झाकण डॉक्टरांच्या हातात दिलं. "ह्याला भोक नाही."

डॉक्टरांनी ते उलटसुलट करून पाहिलं. पेट्रोलचोरांची बातमी वाचून जानेवारीत हे कुलूपवालं झाकण त्यांनीच आणलं होतं. मूळचं गॅरेजमध्ये खिळ्यांच्या डब्यात पडलं होतं.

"म्हणजे टाकीला श्वासच घेता येत नव्हता," ते हळूच म्हणाले.

"हो."

"मग आधी का नाही सांगितलंस?"

"सांगत होते. तुम्ही गाडीखाली होतात."

जुनं झाकण पुसून त्यांनी स्वतः बसवलं. गाडी पुन्हा बंद पडली नाही.

मे महिन्यात ते दोघं लंडनमध्ये हॅरोला अतुलकडे जेवायला गेले. अतुल डॉक्टरांचा मावसभाऊ. डॉक्टरांनी गाडीची हकिगत रंगवून सांगितली. "लोक उगाच पंप बदलत बसतात," ते म्हणाले. "आम्ही पेशंटची घेतात तशी हिस्टरी नीट घेतली, काय होतं, कधी होतं." 'आम्ही' म्हणताना ते किंचित अडखळले.

"घेतली खरी," श्रीखंड वाढता वाढता सुप्रभा म्हणाली, "तिसऱ्या महिन्यात."

अतुल हसला. डॉक्टरांनी आणखी थोडं श्रीखंड मागितलं.

जेवणानंतर अतुल दोघांना बाहेर घेऊन गेला. त्याचीही गाडी हल्ली कुरकुरत होती. डॉक्टरांनी बाह्या सरसावून बॉनेट उघडलं. अतुल मात्र सुप्रभाकडे वळला. "वहिनी, तुम्हाला काय वाटतं?"

"आधी सांगा," ती म्हणाली, "कुरकुरते कधी?"

डॉक्टर उत्तर द्यायला तोंड उघडणार होते. पण गाडी अतुलची होती, तेव्हा त्यांना ऐकून घ्यावं लागलं.