साक्षगंधाचे फोटो

"हात नको लावू, सिंधू! तुले काय समजते त्यातलं?"

बाबा ओरडले ते भर बैठकीत, माझ्या होणाऱ्या सासूसमोर. आईचा हात कॅमेऱ्यापर्यंत पोचलाही नव्हता. ती फक्त म्हणाली होती, "अवो, ते वरचं चाक फिरून राहिलं." तिनं पदर सावरला, चहाचा ट्रे उचलला आणि आत गेली. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. पण साक्षगंधाची नवरी मी, पाटावर बसून बोलणार काय?

कॅमेरा ऋषभदादानं पुण्याहून पाठवलेला. तेव्हा मोबाईलच्या फोटोत धड तोंडही ओळखू येत नसे, म्हणून आमच्या रिसालीतल्या फोटोवाल्याला सांगून ठेवलं होतं. बाबांनी त्याला परस्पर नको म्हणून कळवलं. "घरी कॅमेरा असून बाहेरचा मानूस कावून?"

बाबांची हयात पोलादाच्या प्लांटमध्ये विजेच्या कामात गेली. काम झालं की आधी सप्लाय बंद, मग बाकी सगळं, हे त्यांच्या हाडीमाशी भिनलेलं. कॅमेऱ्यालाही तोच कायदा. स्विच चालू, एक फोटो, लगेच स्विच बंद. आता त्या कॅमेऱ्याचा स्विच आणि चाक एकमेकांना खेटून. स्विच ढकलताना त्यांचा जाडा अंगठा चाकालाही ढकलायचा. चाक हिरव्या निशाणीवर असेल तर उजेडाचं वगैरे कॅमेरा आपलं आपण बघतो. तिथून सरकलं की सगळं आपल्याला ठरवावं लागतं. दादानं फोनवर हे दोनदा सांगितलं होतं, पण पालथ्या घड्यावर पाणी! आणि निघालेला फोटो बघायला स्विच चालू तर राहायला हवा ना.

सकाळी माझी वेणी घालताना आईनं एवढंच मागितलं होतं, "भूमी, तुह्यासंगं माहा एक फोटो पाहिजे वं. ऋषभच्या लग्नात राहूनच गेला." ओटी भरताना ती माझ्याजवळ येऊन उभी राहिली, तर बाबा म्हणाले, "सिंधू, जरा बाजूले हो, इहीनबाईले येऊ दे." अंगठीच्या वेळी आली, तर "पानी आन." मी म्हटलं, "बाबा, एक मिनट रुका ना, आईले येऊ द्या." "होईन, होईन," म्हणाले आणि स्विच बंद केला.

जेवणं आटोपल्यावर माझे सासरे हरिभाऊ म्हणाले, "केवलरामजी, फोटो त दाखवा." बाबांनी ऐटीत कॅमेरा पुढे केला. पहिला फोटो काळा. दुसरा काळा. तिसऱ्यात माझ्या होणाऱ्या नवऱ्याच्या, परागच्या, शर्टाची बटणं तेवढी अंधारात चमकत होती. माझी सासू तोंडावर पदर घेऊन हसली.

"कोनं हात लावला याले? सिंधू!"

घ्या, चोराच्या उलट्या बोंबा! आई स्वयंपाकघराच्या दारात आली. पुढचं मला पाठ होतं. मिक्सर बाबांच्या हातून जळला तेव्हाही तीच म्हणाली होती, चुकलं माहं.

"तुमी," आई म्हणाली.

"काय?"

"तुमीच फिरवलं चाक. परत्येक खेपेले. मी सांगाले आली त मले ओरडले."

हरिभाऊ उठले, बोरसीला पोचायला उशीर होतो म्हणाले, आणि दहा मिनिटांत सगळी मंडळी गेली.

फाटक लावून बाबा तणतणत आत आले. "चार लोकांत माही इज्जत घालवली तूनं!"

आई पाटाशी आली, माझ्याजवळ खाली बसली आणि माझा हात मांडीवर घेतला. "चाक हिरव्या निशाणीवर आना," ती म्हणाली. "अन् मी म्हनीन तवर स्विच बंद करू नका."

"डोकं फिरलं काय तुहं?"

"काढता का नाही?"

आता कॅमेरा भिंतीवर आपटतात की काय, असं मला वाटलं. बाबांनी कॅमेरा डोळ्यांजवळ नेला. मग त्यांनी चाक फिरवलं.

माझ्या साक्षगंधाचा तेवढा एकच फोटो आहे. सासू अजून टोमणे मारते, "आमच्या सुनेच्या साक्षगंधात नवरदेवच नाही!" मारू दे. फोटोत मी रडवेली दिसते, कुंकू कपाळभर पसरलंय. आई कॅमेऱ्याकडे बघतच नाही. ती जरा वर, बाबांच्या तोंडाकडे बघते आहे, आणि तिनं डोळे खाली घातलेले नाहीत.