बंद डब्यातली टिकटिक

मे महिन्यात कॉलेजची प्रयोगशाळा बंद, म्हणून महरीनने आपलं यंत्र घरीच आणलं होतं. प्रकाशाचा एकेक कण येऊन आदळला की टिक् करणारा, नखाएवढा सिलिकॉनचा तुकडा. पण काळ्या डब्यात घट्ट बंद केला तरी तो टिकटिकतच होता. तिने फटी बुजवल्या, चिकटपट्ट्या मारल्या, वरून जुन्या छत्रीचं कापड गुंडाळलं. काही उपयोग नाही.

"मेलं खोटारडं!" ती करवादली.

"उजेडच नाही, तर मोजतंय काय?" तिच्या आईने, हमिदाने, विचारलं खरं, पण तिचे कान रस्त्याकडे होते. महरीनचा भाऊ साकिब जहाजावरून याच महिन्यात येणार, एवढंच कळलं होतं. रिक्षा वाजली की हमिदा दाराकडे धावायची, आणि महरीन दर वेळी तिच्यावर खेकसायची.

"उकाड्याने होतं, अम्मी. तापलं की काही न येताच आल्यासारखं वाटतं त्याला."

मग मिरकरवाड्याच्या बंदरावरून मासळीचा बर्फ आणून तिने डब्याभोवती रचला. टिकटिक मंदावली, पण थांबली नाही.

"आता उरलेल्यातली खरी कुठली नि खोटी कुठली?" हमिदाने विचारलं.

"एकेकटी ऐकून नाही कळत. आली की मोजायलाच लागते."

बाहेर रिक्षाचा आवाज आला. हमिदाने चोरट्या नजरेने लेकीकडे पाहिलं आणि तशीच बसून राहिली.

महरीन मात्र बर्फाचे ओले हात न पुसताच दाराकडे धावली होती.